अमात्याचे कांबळे

पूर्वी बर्फाळ डोंगरांच्या कुशीतल्या कपिशा नगरीवर वज्रबाहू राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. नाव यशोरथ. अश्वशाळेवरचा साधा अधिकारी म्हणून तो दरबारात आला, मग त्याने कोठारे सांभाळली, आणि अखेरीस शेजारच्या टोळ्यांशी तह करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने शब्द दिला की डोंगरातले लोक निर्धास्त खाली उतरत. राजाने नेमका याचाच फायदा उठवला.

त्या मुलखात एक रीत होती. यजमानाने आपले कांबळे पाहुण्याच्या खांद्यावर घातले, की पाहुणा घरी सुखरूप पोहोचेपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागता कामा नये. मग तो शत्रू का असेना!

राजाच्या माणसांनी डोंगरी लोकांची कुरणे बळकावली, म्हणून त्यांनी खिंड अडवली होती. राजा यशोरथाला म्हणाला, "त्यांच्या नायकाला घेऊन या. कुरणं परत देऊ." यशोरथ स्वतः खिंडीत गेला. म्हाताऱ्या नायकाच्या, रोहकाच्या खांद्यावर त्याने आपले कांबळे घातले. रोहकाने ते चाचपून पाहिले आणि हसला. "पार विरलंय की रे हे, अमात्या! पण चालेल."

राजवाड्याचे दार ओलांडताच शिपायांनी म्हाताऱ्याला जेरबंद केले. दुसऱ्या दिवशी त्याला सुळावर चढवायचे ठरले.

यशोरथ तरातरा सभेत गेला. "महाराज, हा काय प्रकार आहे? त्याच्या खांद्यावर कांबळं होतं!"

"होतं ना," राजा म्हणाला. "पण ते तुमचं होतं, अमात्य. माझं कुठं होतं? मी कुणाला शब्द दिला?"

सभा खो खो हसली. अहो, मोठमोठे पंडित तिथे बसले होते, पण एकाला म्हणून लाज वाटली नाही! उलट राजाच्या चातुर्याची वाहवा सुरू झाली. सेनापती तर म्हणाला, "अमात्य, आता तुम्ही महामात्य होणार. पेढे आणा, पेढे!"

आपल्याला आमिष म्हणून वापरले, या विचाराने यशोरथाच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्याने आवाज चढवला नाही.

"महाराज, सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगा. कांबळं कुणाचं?"

"तुमचं हो, तुमचंच!" राजा हसत म्हणाला.

"मग पाहुणा माझा. माझा पाहुणा तुमच्या कोठडीत कसा?"

यशोरथाने अमात्यपदाची मुद्रा सिंहासनापुढे ठेवली आणि तो तडक कोठडीकडे निघाला. "अडवा त्याला!" राजा ओरडला. पण पहारेकरी त्याच मुलखातले होते. राजाने भर सभेत कांबळे अमात्याचे ठरवले होते. आता त्याचा पाहुणा हिसकावायचा म्हणजे सगळ्या घराण्याला बट्टा. एकानेही भाला उचलला नाही. त्यांनी दार उघडून दिले.

दोघे खिंडीपर्यंत चालत गेले. "तुमची कुरणं काही मिळाली नाहीत, बाबा," यशोरथ म्हणाला.

"ती आम्ही बघू. पण तुझ्या राजाशी आता तह नाही."

"करूच नका," यशोरथ म्हणाला.

पुढे वज्रबाहूने कितीतरी दूत पाठवले, भेटी पाठवल्या. डोंगरातून कोणीही खाली उतरले नाही.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, दुसऱ्या भिक्षूकरवी वाटसरूंना विहारात बोलावून, 'मी कुठं बोलावलं?' म्हणत काल ज्याने त्यांना थंडीत बाहेर काढले, तो दर्पक तेव्हा वज्रबाहू होता. त्या वाटसरूंमधला म्हातारा तो रोहक. आणि अमात्य यशोरथ मीच होतो. राजाच्या वतीने दिलेला शब्द राजाने झिडकारला, तेव्हा तो माझा म्हणून मी पाळला. यालाच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, म्हणतात. दर्पका, ऊठ, आणि त्या माणसांना आत घे."