न घासलेलं मडकं

एका गावात फार पूर्वी चहा आला आणि आंबील मागे पडली. दोन वर्षांनी देवीच्या नैवेद्याला आंबील हवी म्हणून गोदाक्काने नव्या कल्हईच्या पातेल्यात नाचणीचं पीठ भिजवलं. थंडीत ते काही आंबेना. जत्रा तर उद्यावर आली.

फळीवरचं मडकं म्हणालं, "अक्का, पीठ माझ्यात ओत. मला घासू मात्र नकोस."

"शी, त्याच्या तळाला जुनी आंबील वाळलीय," पातेलं म्हणालं.

"तीच कामाला येईल."

सकाळी पीठ फसफसून मडक्याच्या काठाला आलं. आंबील शिजली त्याच पातेल्यात. देवीला नैवेद्य झाला, गाव पोटभर प्यायलं आणि घरोघरी विरजणाला वाटीभर आंबलेलं पीठ गेलं.

त्या गावात अजूनही नव्या सुनेला सांगतात, "सगळी भांडी लख्ख घास, तेवढं मडकं सोड."