सोनगीच्या खांबाचा दोर

कोंडा खरं बोलत होती आणि अख्ख्या कोंढरीत एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. आधी एवढं ऐका, मग त्या खांबाचे फोटो काढा.

सोनगी नदीच्या काठावर पुरुषभर उंचीचा दगडी खांब आहे. त्याच्या कमरेला दोर घासून पडलेली खाच आहे, मनगट बसेल एवढी. पाहुणे विचारतात, इथे हत्ती बांधायचे का? हत्ती कुठला! इथे गावाला गाव बांधलं होतं. शाळेतले गुरुजी सांगतात, लढाईत एका बाजूने उभं राहणाऱ्यांना इंग्रजीत 'अलाइज' म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'बांधणे' या शब्दापासून आला. म्हणजे दोस्त तो, जो बांधून घेतो. असेल. शब्द सांगायला काय जातं? बांधून घेतल्यावर काय भोगावं लागतं, ते कोंडाला ठाऊक.

काळ पेंढाऱ्यांचा. दसरा झाला की त्यांची घोडी यायची म्हणे. कोंढरी या काठाला, वेळशेत त्या काठाला, आणि मधली धार अशी की पट्टीचा पोहणारा वाहून जावा. पायी ओलांडता येईल असा उतार सापडायचा तो वरच्या अंगाला, दिवसभराच्या वाटेवर. दोन्ही गावांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, एकावर धाड आली तर दुसऱ्याने कोयते घेऊन धावायचं. त्यासाठी या खांबापासून पलीकडच्या चिंचेपर्यंत दोर ताणला. तराफ्यावर उभं राहायचं, हाताने दोर ओढत पार व्हायचं.

तो दोर कोंडाने वळला. अंबाडी तिनेच कुजवली, सोलली, तीन महिने वळली. मग एकुलती लेक चिमा वेळशेतला दिली. बाया चिडवायच्या, "कोंडे, लेकीला माहेरी ओढायला दोर केलास गं!"

"मग? तुमची तोंडं बघायला तळहात सोलून घेतले होय?"

दुसऱ्याच वर्षी, भर दुपारी, वेळशेतवर धूर दिसला. कोंढरीची माणसं कोयते घेऊन काठाला धावली. खांबाजवळ हैबती पाटील आधीच उभा होता. दोर पाण्यात गेलेला.

"तुटला! कोंडीचा दोर कुजका निघाला!"

पलीकडे बायका-पोरं पाण्यापर्यंत आली होती. हाका मारत होती. तराफा इथे, माणसं इथे, कोयते इथे. कोंडाला चिमाचं हिरवं लुगडं दिसलं, असं सांगतात. मग घोडी पलीकडच्या काठाला आली आणि हाका थांबल्या.

कोंडा पाटलासमोर उभी राहिली. "माझा दोर तुटत नाही. कापलाय."

"दोराचा शेंडा दाखव की मग."

खांबाला बांधलेला दोराचा शेंडा कुणीतरी सोडून नेला होता. गाव म्हणालं, बाई स्वतःचं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकते. त्या दिवसापासून तिच्या हातचं दावंसुद्धा कुणी घेईना.

ती वरच्या उताराने गेली. एकटी. चिंचेला दोर तसाच बांधलेला होता. काठाच्या गवतात चिमा पडली होती. तराफा येईल म्हणून ती दोर ओढत राहिली असावी. दोराचे चार वेढे तिच्या हाताला होते. कोंडाने ते एकेक करून सोडवले. लेकीला माती दिली आणि दोराचं टोक पोटाशी धरून परत आली.

चावडीपुढे तिने आपलाच जुना दोर दोन बैलजोड्यांना जुंपून तोडायला लावला. तुटला तेव्हा त्याचे धागे लांब-आखूड, म्हशीच्या शेपटीसारखे पिंजले. शेजारी तिने नदीतलं टोक ठेवलं. एका घावात कापलेलं, सगळे धागे सारखे.

पाटलाची बायको सगुणा मागून म्हणाली, "त्या दिवशी यांच्या कोयत्याला अंबाडी चिकटली होती. मीच धुतला."

हैबतीने मान वर केली नाही. "त्याच दोराने पेंढारी इकडे आले असते. आपलं एक माणूस तरी गेलं का?"

"माझं गेलं," कोंडा म्हणाली.

हे कोंढरीला फार झोंबतं, कारण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. गाव वाचलं. आज इथे राहणारे सगळे त्या कापलेल्या दोराचे आहेत.

लोक पाटलाला गावाबाहेर काढायला उठले. कोंडाने अडवलं. "हा गेला की तुम्ही मोकळे व्हाल. राहू दे इथंच. पण याच्या वंशाने दर साली पाण्यावर उभं राहून सांगायचं. मगच मी पुन्हा दोर वळीन." तिने वळला. तो ताणून झाला त्या संध्याकाळी ती चिंचेखाली जाऊन बसली आणि परत आली नाही, असं सांगतात.

आता पूल झालाय. तरी आजही दसऱ्यानंतरच्या पुनवेला दोन्ही गावं अंबाडीचा दोर ताणतात. वाजंत्री नाही, गुलाल नाही. पाटलांच्या घरातला थोरला खांबाजवळ अनवाणी उभा राहतो. पलीकडून वेळशेतच्या बाया विचारतात, "दोर कुणी कापला?" तो पहिल्यांदा बोलत नाही. दुसऱ्यांदा बोलत नाही. तिसऱ्यांदा त्याला बोलावंच लागतं, पाण्यापलीकडे ऐकू जाईल असं:

"आमच्या हैबती पाटलानं!"