भिवराबाईची पाटी

ऐका. ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा सोनसांगवीला तळंच नव्हतं. बाया दोन कोसांवरून पाणी आणायच्या. मग गावानं ठरवलं, डोंगराच्या पायथ्याशी बांध घालायचा. धान्य गावच्या पेवातलं, कष्ट सव्वाशे माणसांचे आणि देखरेख पाच पंचांची.

त्या सव्वाशेंत भिवराबाई होती. खाणीतून दगडांची पाटी डोक्यावर घ्यायची, बांधावर रिकामी करायची. दिवसाला चाळीस खेपा. तिच्या चालण्यानं वाट गुडघाभर खोल गेली, असं म्हणतात.

मजुरी होती दिवसाला शेरभर ज्वारी. सात वर्षं शेरभरच. पंच मात्र रोज माणशी एक पायली, म्हणजे चार शेर, घेत; तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. पंच चावडीत बसत, स्वतःच वाढ मागत आणि स्वतःच मान डोलवत.

सातव्या उन्हाळ्यात चाराच्या आठ झाल्या. त्याच दुपारी गोदू नावाची बाळंतीण उपाशीपोटी चक्कर येऊन बांधावर कोसळली. भिवराबाईनं तिला सावलीत निजवलं, पाणी पाजलं. मग आपली भरलेली पाटी उचलली आणि थेट चावडीची वाट धरली. पहारी टाकून सगळी माणसं तिच्यामागे निघाली.

चावडीसमोर तिनं पाटी उतरवली.

"काम सोडून इकडं कशी गं?" रंगोजी पाटलानं विचारलं. तो पंचांचा मुख्य.

"पाटील, तुमचा वाटा आठपट झाला. खुशाल घ्या. पण ही एक पाटी तेवढी बांधावर नेऊन टाका. पाचांतल्या कुणीही न्या. मग आमची मजुरी किती, ते तुम्हीच सांगा."

पंच हसले. पाटलानं बाह्या सरसावून पाटीला हात घातला. पाटी हलेना. दोघांनी धरली, मग पाचांनी. पागोटी सुटली, पाटी जागची हलेना. तिच्यात त्या दिवसाचे दगड नव्हतेच, सात वर्षांच्या सगळ्या खेपा होत्या, असं म्हणतात.

मग भिवराबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, पाटी फुलांची असावी तशी उचलली आणि चालू लागली. तिच्या पावलागणिक जमीन दणाणत होती. चावडीचे खांब हलले. पाटील बोडक्या डोक्यानं मागे धावला.

"थांब, भिवराबाई. तुला काय पाहिजे ते सांग."

"जितक्या पटीनं तुमचं वाढलं, तितक्या पटीनं आमचं."

पाटलानं मनात हिशेब केला. सगळ्यांना आठपट द्यायचं तर पेव महिन्याभरात रिकामं. तो वाटेतच खाली बसला. मग म्हणाला, "आमची एकच पायली राहू दे. वाढलेलं सगळं तुम्ही वाटून घ्या."

त्या संध्याकाळी घरोघरी दोन शेर ज्वारी गेली, गोदूकडे चार. आणि कामाला असा जोर चढला, की राहिलेला अर्धा बांध अकरा दिवसांत उभा राहिला. तळं काठोकाठ भरलं, तेव्हा भिवराबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून लहान पोरीसारखी हसली, असं म्हणतात.

आजही सोनसांगवीच्या ग्रामपंचायतीत मानधनवाढीचा विषय निघाला, की सरपंचानं दगडांची पाटी डोक्यावर घेऊन चावडीपासून बांधापर्यंत चालायचं असतं. भिवराबाईची खेप म्हणतात तिला. अख्खा गाव दुतर्फा उभा राहतो. गेल्या साली सरपंच मारुतीच्या देवळापर्यंत पोचले. तिथं पाटी उतरवली, घाम पुसला आणि म्हणाले, "आधी मजुरीचा विषय घ्या."