पाणवठ्यावरचं चित्र

रानाला राजा होता तेव्हाची गोष्ट. सिंहमहाराजांचं चित्र एक खार काढायची, आपल्याच शेपटीचा कुंचला करून. महाराजांचा डोळा गेला, आयाळ झडली, तरी दर वर्षी ती त्यांना तरणाबांड रंगवून चित्र पाणवठ्यावर लावायची. जनावरं आधी चित्राला मुजरा करत, मगच पाणी पीत.

एका उन्हाळ्यात तहानेनं व्याकूळ झालेला सिंह स्वतःच तिथे आला.

"ए म्हाताऱ्या, आधी महाराजांना मुजरा कर!" रानडुक्कर खेकसलं.

"खारूताई, मी कोण ते सांग यांना," सिंह चित्राशेजारी बसलेल्या खारीला म्हणाला.

खारीनं तोंड उघडलं. पण इतकी वर्षं खोटं रंगवलं, हे सांगायला तिची जीभ रेटेना.

शेवटी सिंह आपल्याच चित्राला मुजरा करून पाणी प्यायला.

खारीनं पुन्हा कधी शेपटी रंगात बुडवली नाही. मुजरे मात्र चालूच राहिले.