कोरड्या वाटेवरचा साकव

फार मागे हत्तीणआजीने रानातल्या प्रत्येक वस्तीला साकव बांधायला वीस बांबू दिले. होळीपर्यंत जे उरतील ते परत करायचे होते. टेकडीवरच्या साळिंदराचा साकव सोळा बांबूंतच झाला, आणि उरलेल्या चारांभोवती तो दिवसभर येरझारा घालू लागला.

खालच्या वस्तीतली मुंगूसबाई आली. "साळिंदरदादा, आमचा ओढा रुंद आहे. चार बांबू कमी पडतायत, द्या की."

"उरले असं कळलं, तर पुढल्या वर्षी मला सोळाच मिळतील," साळिंदर म्हणाला आणि घाईघाईने कोरड्या वाटेवरच आणखी एक साकव ठोकून मोकळा झाला.

होळीआधीच टेकडीला वणवा लागला. साळिंदर पिल्लांना घेऊन त्या नव्या साकवावरून धावत खाली ओढ्याच्या अर्धवट साकवावर आला. पलीकडच्या टोकाला मुंगूसबाई उभी होती.

दोघांच्या मधे चार बांबूंएवढं पाणी वाहत होतं.