शांतवनबाबांचं रिकामं कडं

बसा, पण बसलात तर शेवटपर्यंत बसा. अर्ध्यातून उठून जाणाऱ्याला ही गोष्ट मी सांगतच नाही.

फार वर्षं झाली. आपल्या उंबरखडीच्या देवळाला तेव्हा घंटा नव्हती. कुडाच्या भिंती, वर गवत, आत एक लाकडी क्रूस, झालं देऊळ. तरी रविवारच्या उपासनेला कुणाला उशीर होत नसे, कारण शांतवनबाबा हलगी वाजवत वस्तीतून फिरायचे. त्यांच्या वाडवडिलांनी याच हलगीवर लोकांची लग्नं लावली होती, मयतं पोचवली होती. येशूच्या मार्गाला लागल्यावर काहीजण म्हणाले, "आता हे जुनं कशाला?" बाबा म्हणाले, "मी देवाचा झालो, मग हे हात कुणाचे?" आणि हलगी वाजतच राहिली.

आता हलगी म्हणजे काय, तर लाकडाचं गोल कडं आणि त्यावर ताणलेलं बकरीचं कातडं. ते आधी जाळावर शेकावं लागतं. शेकायचं, बोट मारून कान लावायचा, पुन्हा शेकायचं. बाबांना त्याची इतकी सवय की झोपेतसुद्धा त्यांचं बोट हलायचं, असं म्हणतात.

मग तो दुष्काळ आला. अरे देवा, त्याचं नावसुद्धा नको! विहिरींचे तळ उघडे पडले, गुरं मेली, माणसं निवडुंगाची बोंडं नि गवताचं बी खाऊ लागली. रोज कुणाला तरी मूठमाती द्यायची. बाबांची बायको गेली, मागोमाग दोन्ही मुलगे गेले. उरली धाकटी मिर्याम. तिला छातीशी धरून बाबा म्हणाले, "देवा, एवढी एक ठेव. बाकी काही मागत नाही."

पण तिचेही पाय सुजले, डोळे खोल गेले. तेव्हा बाबांनी हलगी खाली घेतली, कातडं सोडवलं, भिजवलं आणि शिजायला घातलं. वास गेला तशी वस्तीतली पोरं वाट्या घेऊन आली. बाबांनी कुणाला नाही म्हटलं नाही. त्या एका कातड्याचा रस्सा सगळ्या पोरांना आठवडाभर पुरला, असं म्हणतात. पण नुसत्या रश्शानं जीव किती धरणार?

हलगी गेली तशी उपासनाही थांबली. बोलवायलाच कुणी नव्हतं. बाबा दारात बसायचे ते देवळाकडं पाठ करून. प्रार्थना सोडली, बोलणं सोडलं.

नाताळची सकाळ उजाडली. मिर्याम पडल्या पडल्या म्हणाली, "आबा, आज बाळयेशूचा दिवस ना? हलगी वाजवा की." बाबा उठले. काटक्या पेटवल्या, खुंटीवरचं कडं काढलं आणि सवयीनं शेकायला बसले. शेकलं, बोट मारलं, कान लावला, मान हलवली, पुन्हा शेकलं.

"अहो आबा," मिर्याम म्हणाली, "कातडं तर आपण खाल्लं की!"

आणि ती पोरगी हसली. बाबांनी हातातल्या कड्याकडं पाहिलं, त्यातून पलीकडची भिंत दिसत होती, आणि त्यांनाही हसू फुटलं. शेजारपाजारचे धावत आले, म्हणाले, म्हातारा भुकेनं खुळावला. पाहतात तर हे असं! मग तेही हसले. अंथरुणाला खिळलेलेसुद्धा हसले. हसता हसता रडले.

बाबांनी कडं गळ्यात अडकवलं. वर पाहून म्हणाले, "देवा, पोट रिकामं, घर रिकामं, हेही रिकामं. आता तूच वाज." मिर्यामला खांद्यावर घेतलं आणि हलगी वाजवायची काडी हवेत मारत निघाले. तर त्या रिकाम्या कड्यातून आवाज आला! डोंगरापलीकडच्या गावात ऐकू गेला, असं म्हणतात. माणसं भिंतींना धरून बाहेर पडली. देऊळ भरलं. फाटक्या आवाजात सगळ्यांनी नाताळची गाणी म्हटली, आणि त्या घटकाभरात भूक कुणाला आठवली नाही.

संध्याकाळी मिर्याम गेली.

माझ्याकडं असं बघू नका. जे झालं तेच सांगते. देवानं ती ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पोचवायला बाबा कडं अडकवूनच निघाले. काडी मारली. आवाज आला नाही. पुन्हा मारली. काही नाही. नुसती काडी हवेत हलत होती, आणि बाबांचा चेहरा बघवत नव्हता. ते मध्येच थांबले. तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. ज्यांच्या हातांत घास उचलायचं बळ नव्हतं, त्या सगळ्यांनी काडीच्या ठेक्यावर टाळ्या धरल्या, आणि त्या ठेक्यावर पोरीला मातीपर्यंत नेलं. "वाजतोय रे तू," वर पाहून बाबा एवढंच म्हणाले. नंतर ते कितीतरी वर्षं जगले. कड्यावर कातडं त्यांनी पुन्हा चढवलं नाही.

आज देवळाला मोठी घंटा आहे, लाउडस्पीकर आहे. पण नाताळच्या सकाळी दोन्ही बंद असतात. अंगणात जाळ करतात आणि त्या वर्षी ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरच्यांच्या हातात कडं देतात. ते शेकतात, बोट मारतात, कान लावतात. मग गावातली सगळ्यात लहान बोलकी पोर पुढं होऊन ओरडते, "अहो, कातडं तर आपण खाल्लं की!"

आणि सगळं गाव हसतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना आधी हसू येत नाही. म्हणून गाव थांबतं. तेही हसले की मगच टाळ्या सुरू होतात.