यजमानांची पेटी

एकदा एक वृद्ध गुरुजी हट्टाला पेटले. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरणारे, आणि जायचं कुठे, तर व्हिएतनामच्या डोंगरात काटू लोकांच्या गावी! ती माणसं कशी राहतात, कशी नाचतात, पाहुण्याला कशी वागवतात, हे त्यांना याच डोळ्यांनी बघायचं होतं. शिष्य बरोबर निघाला. न जाऊन सांगतो कोणाला?

शिष्य गुणी, पण एका बाबतीत अगदी कच्चा. गुरुजींनी "अरे, माझ्यामागे पाठशाळेचं..." एवढा शब्द काढला की हा कानांवर हात ठेवी, अभद्र बोलू नका म्हणे आणि विषय बदले. वाटेत गुरुजींनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून पाहिला, शेवटी नाद सोडला.

गाव देखणं होतं. मधोमध साऱ्या गावाचं मिळून एक उंच छपराचं लाकडी सभागृह, भोवती घरं. पाहुण्यांना पानात शिजवलेला चिकट भात मिळाला. मणी विणलेली वस्त्रं नेसून बायका दोन्ही हात वर करून नाचल्या. गुरुजी हरखून गेले. आणि दिवस कलताना त्यांना हुडहुडी भरली, अंग तापलं. शिष्य औषधासाठी खालच्या गावी धावला. तो परतेपर्यंत ते उतरले होते त्या घरचे वृद्ध यजमान आणि त्यांची इंग्रजी जाणणारी सून गुरुजींच्या उशाशी बसून होती.

सकाळी शिष्य ठोकण्याच्या आवाजाने जागा झाला. घरामागे यजमान एक भलामोठा ओंडका पोखरत होते. ओंडक्याच्या टोकाला रेड्याचं मुंडकं कोरलेलं. आता रेडा म्हटल्यावर आपल्या माणसाला दुसरं कोण आठवणार! त्याने सुनेला विचारलं, हे काय करताहेत? ती सहज म्हणाली, मेलेल्या माणसाला ठेवायची पेटी.

शिष्याच्या तोंडचं पाणी पळालं. कुणासाठी, हे विचारायला जीभ रेटेना. घरात आजारी माणूस एकच. बाकीचं त्याने मनातच जुळवलं. आत येऊन तो पिशव्या भरू लागला. आत्ताच्या आत्ता निघायचं, पाठीवर घेऊन उतरवतो, असं म्हणू लागला. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याला त्या निसरड्या वाटेने नेणं म्हणजे जिवाशी खेळ, पण भ्यालेल्याला कोण समजावणार?

गुरुजी उठले. भिंतीचा आधार घेत बाहेर गेले, यजमानांच्या हातातली पटाशी मागून घेतली आणि रेड्याचं शिंग हलक्या हाताने तासू लागले. यजमान खुशीत हसले, त्यांना टेकायला जागा करून दिली. शिष्याला रडू फुटलं.

"गुरुजी, स्वतःच्या हातानं?"

"हात माझे, पेटी त्यांची," गुरुजी म्हणाले. "इथले वडीलधारे आपली पेटी हयातीतच करून ठेवतात. काल तू औषधाला गेलास तेव्हा घरामागचा ओंडका कशासाठी, असं मी विचारलं, तर त्यांनी कौतुकानं सांगितलं. माझ्या तापाशी तिचा काडीचा संबंध नाही. 'कुणासाठी' एवढं विचारलं असतंस, तर मला पाठीवर घेऊन डोंगर उतरायला निघाला नसतास. बाळा, हा माणूस सकाळी पेटी कोरतो आणि मग पोटभर जेवून शेतावर जातो. त्यानं मरणाला घरामागे जागा करून दिली, म्हणून त्याचं घर मोकळं आहे. तू मरणाचं नावही काढू देत नाहीस, म्हणून ते तुझ्या उरावर बसलंय."

शिष्य तिथेच खाली बसला. रडता रडता त्याला हसू आलं. छातीवरची धोंड उतरली होती. सुनेने गरम पेज आणली. ती पिऊन गुरुजींना घाम फुटला आणि ताप उतरू लागला. शिष्याने त्यांचं कपाळ पुसलं, जवळ सरकून बसला, आणि मग आपणहून विचारलं,

"गुरुजी, तुमच्यामागे पाठशाळेचं काय करायचं?"

गुरुजी बराच वेळ सांगत राहिले. किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, लहानांना कोणी शिकवायचं, आणि तेराव्याला जिलबी हवीच, तिथे काटकसर चालायची नाही. शिष्य सगळं नीट ऐकत होता, जिलबीपाशी हसलासुद्धा. पलीकडे यजमानांचं काम चालूच होतं.

आपल्याही घरात कुणी वडीलधारं माणूस असं बोलायला सुरुवात करतं. त्याला वाक्य पुरं करू द्यावं.